तिच्या मनासारखं

तिने पोट आत ओढून घेतलं आणि कपाट व फ्रिज यांच्यामधल्या फटीतून आडवं होत वाट काढली. एक पाय पलीकडे पडला, दुसरा खाली रचलेल्या पातेल्यांवर आपटला आणि बाही कपाटाच्या कडीत अडकली. ती सोडवून ती दारापर्यंत पोचली, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून नवऱ्याची हाक आली.

‘निघालीस का? जाता जाता एवढं बघून जा.’

बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर रंगाचे चार चौकोन मारलेले होते. तो हातात ब्रश घेऊन त्यांच्यासमोर उभा होता. भुवयांत चुन्याची पांढरी धूळ, जुन्या शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. निवृत्त झाल्यावर आधी काही दिवस उतरलेला त्याचा चेहरा आता उजळला होता. हातात हातोडा आला आणि माणूस दहा वर्षांनी लहान झाला, असं शेजारी म्हणत. त्यात काही खोटं नव्हतं.

‘कुठला घ्यायचा?’

‘तुम्हाला कुठला आवडतोय?’

‘माझं काय विचारतेस? सगळं तुझ्या मनासारखं करायचं ठरलंय.’

तिने डावीकडून दुसऱ्या चौकोनाकडे बोट दाखवलं. तो खूश झाला.

‘वाटलंच होतं मला.’

चपला पायात सरकवून ती रस्त्याला लागली. कोपऱ्यावर आल्यावर तिला आठवेना, आपण कुठला रंग निवडला.

घर तिच्या सासऱ्यांनी बांधलेलं होतं. चार खोल्या, पुढे व्हरांडा, मागे कपडे वाळत घालायला जागा. त्या काळी ते गल्लीतलं सगळ्यात नवं घर होतं. आता फरशीचे ठिपके झिजून पुसट झाले होते, कपाटांना लाकडासारखा दिसणारा तपकिरी पत्रा होता तो कोपऱ्याकोपऱ्यांतून सुटला होता, आणि स्वयंपाकघर इतकं काळोखं की भर दुपारी दिवा लावल्याशिवाय तांदळातले खडे दिसत नसत. ती लग्न करून आली तेव्हापासून हे बोलत आली होती. आधी हळू आवाजात, मग मोठ्याने, मग लेक शिकायला बाहेर पडल्यावर नुसतं सवयीने. त्यावर नवरा दर वेळी ‘बघू’ म्हणायचा. वाईट माणूस नव्हता. मोजणी खात्यात आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी आखल्या, घरी आला की त्याला कशाला हात लावावासा वाटत नसे, इतकंच. पुढे पुढे तिने बोलणं सोडून दिलं. काळोखात हात आपोआप डब्यांवर जायला लागले होते.

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. शहरभरातून बाटल्या यायच्या, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असायच्या. कुठल्या विहिरीचं, कुठल्या टाकीचं, कुठल्या नळाचं. ती ते पाणी काचेच्या नळीत घ्यायची, त्यात थेंब टाकायची, रंग बघायची आणि अहवाल लिहायची. इतकी वर्षं तिने पाणी तपासलं होतं, पण बाटलीबाहेरचं पाणी कामाच्या निमित्ताने तिने क्वचितच पाहिलं असेल. मग एक दिवस मोठ्या मॅडमनी तिला खोलीत बोलावलं आणि सांगितलं, की लांब तिकडे, धरणाजवळच्या गावात, नवी प्रयोगशाळा उभी राहतेय. इमारत तयार आहे, आत काहीच नाही. कुणीतरी जाऊन ती पहिल्यापासून लावायला हवी. तीन वर्षांसाठी.

‘मी तुझं नाव दिलंय,’ मॅडम म्हणाल्या. ‘नाही म्हणायचं असेल तर महिनाअखेरपर्यंत सांग. पण नाही म्हणू नकोस.’

त्या दिवशी ती घरी जाऊन काहीच बोलली नाही. लपवायचं नव्हतं, पण एक रात्र तरी ती गोष्ट आपल्या एकटीची असावी असं तिला वाटलं. टेबलं कुठल्या भिंतीला लावायची, खिडक्या कुठे, सकाळी नावेतून तलावाच्या मध्यावर जाऊन पाणी कसं काढायचं, हे सगळं तिने डोळे मिटून पाहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात फक्त टेबलाशेजारच्या मैत्रिणीला सांगितलं. आणि संध्याकाळी नवऱ्याला सांगायचं म्हणून वाक्यं जुळवत घरी आली, तर गल्लीच्या तोंडापासूनच ठोकल्याचा आवाज ऐकू येत होता.

तो स्वयंपाकघरात होता. ना गवंडी, ना कुणी मजूर. त्याने एकट्यानेच ओट्यामागच्या भिंतीच्या फरश्या फोडल्या होत्या. डबे टेबलावर वर्तमानपत्राखाली झाकले होते, आणि तो धुळीने पांढराफटक होऊन, डोळे मिचकावत, तिच्याकडे बघत उभा होता.

‘तुझ्यासाठी,’ तो म्हणाला. ‘किती वर्षं म्हणतेयस. म्हटलं, आता होऊनच जाऊ दे.’

तिने जुळवून आणलेली वाक्यं तोंडातच राहिली. धुळीने खोकला आला, हे निमित्त झालं.

दुसऱ्या दिवसापासून गवंडी यायला लागला. सगळं सामान झोपायच्या खोलीत गेलं. पलंगाच्या एका बाजूला फ्रिज, दुसऱ्या बाजूला उभं केलेलं जेवणाचं टेबल, पायथ्याशी पुस्तकांचे खोके, आणि एकुलत्या एका खिडकीसमोर कपाट. झोपायचं तर पायथ्याकडून चढून यावं लागे. कूस वळवली की फ्रिजचं गार दार कोपराला लागायचं, आणि तो मध्येच गुरगुरायला लागला की वाटायचं पलंगावर तिसरंच कुणी येऊन झोपलंय. नवऱ्याला याची मजा वाटत होती.

‘लग्नानंतर इतकं जवळ आपण कधी झोपलो होतो?’

ती हसली. पाय लांब करायला गेली तर टाच खोक्याला लागली.

सांगायचा प्रयत्न तिने केला नाही असं नाही. एकदा फरश्यांच्या दुकानात ते गेले होते. दुकानदार एकामागून एक फरशी उभी करून दाखवत होता, नवरा प्रत्येकीवरून बोट फिरवत होता.

‘मला तुम्हाला एक सांगायचंय,’ ती म्हणाली.

‘आधी ही बघ. ही नीट बघ. रोज तुलाच बघायचीय.’

‘बघितली. चांगली आहे. मी म्हणत होते...’

‘किती टिकेल हो ही?’ त्याने दुकानदाराला विचारलं.

‘साहेब, तुमची आमची काळजी करा, फरशीची नको,’ दुकानदार म्हणाला. ‘तुम्ही दोघं म्हातारे व्हाल तरी ही अशीच.’

‘झालं तर,’ नवरा म्हणाला. ‘आता मरेपर्यंत या स्वयंपाकघराकडे बघायला नको.’

ती त्या फरशीकडे बघत राहिली. फिकट राखाडी, कडेला बारीक निळी रेघ. फरशी खरोखरच सुंदर होती.

लोक काम बघायला यायला लागले. नणंद आली, प्रत्येक खोलीत डोकावली, आणि तिच्या हाताला धरून म्हणाली, ‘वहिनी, नशीब काढलंस. आमच्या दादाने आयुष्यात कधी खिळा ठोकला नव्हता. तुझ्यासाठी बघ काय चाललंय.’ समोरच्या घरातल्या बाईंनी आपल्या नवऱ्याला मुद्दाम आणून दाखवलं. लेकीचा फोन आला तर ती म्हणाली, ‘आई, बाबा किती खुललेत गं. मी घाबरले होते, घरी बसून त्यांचं कसं होणार. तू त्यांना हे करू देतेयस ते फार बरं करतेयस.’ प्रत्येकाला ती ‘हो ना’ म्हणाली. दर ‘हो ना’ला तोंड उघडणं आणखी अवघड होत गेलं. ज्या गोष्टीसाठी बाईने जन्मभर कुरकुर केली ती शेवटी नवऱ्याने करून दिली, आणि नेमकी तेव्हाच ती निघाली, असं सांगायचं कुणाला? आणि कुठल्या तोंडाने?

मागच्या दाराला नवं लोखंडी जाळीचं दार बसलं. ते बसवून झाल्यावर नवऱ्याने तिला आत उभं केलं, स्वतः बाहेर जाऊन ते दोन्ही हातांनी हलवून दाखवलं.

‘चोर सोड, मांजरसुद्धा आत येणार नाही.’

जाळीमागून ती म्हणाली, ‘मजबूत आहे.’

ऑफिसात मोठ्या मॅडम काही विचारत नव्हत्या. जाता-येता नुसतं तिच्याकडे बघायच्या. महिना संपत आला होता. ‘नाही’ म्हणण्याचं वाक्य ती आता रोज मनात म्हणून बघत होती. ते सोपं होतं, फारच सोपं. घराचं काम निघालंय, एवढं म्हटलं की पुरे. कुणीही मान डोलावली असती.

रविवारी गवंडी येत नसे. त्या रविवारी दुपारी ऑफिसातली मैत्रीण आली. यांचं स्वयंपाकघर बंद, म्हणून ती जेवणाचा डबा घेऊन आली होती. नवरा बाहेरच्या खोलीत स्टुलावर चढून जुन्या खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवत होता. मैत्रीण कमरेवर हात ठेवून खोलीभर फिरली.

‘भाऊजी, कमाल आहे हो तुमची,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी दाताच्या दवाखान्याबाहेर भेटलात, मी म्हटलं अभिनंदन, बायको मोठी साहेब होऊन निघाली, तर तुम्ही नुसते हो हो करत निघून गेलात. मला वाटलं, आता तुम्ही दोघं सामान बांधायला घेतलं असणार. इथे येऊन बघते तर घरच बांधायला घेतलंय.’

स्टुलावर नवऱ्याचा हात भोकाशीच थांबला. मैत्रिणीने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि डबा धुवायची घाई नाही, उद्या आणून दे, असं काहीतरी बोलत ती लवकरच निघाली.

तिला दवाखान्याचा दिवस आठवायची गरज नव्हती. मैत्रीण मध्येच दवाखान्यात जाऊन दुपारी सुजलेला गाल घेऊन ऑफिसला परतली होती तो दिवस, आणि घरी येताना गल्लीच्या तोंडाशी ठोकल्याचा आवाज ऐकू आला तो दिवस, एकच होता.

दार लावून ती परत आली. तो तसाच स्टुलावर उभा होता.

‘तुम्हाला माहीत होतं.’

त्याने एका भोकात पुट्टी भरली, अंगठ्याने सारखी केली.

‘हो.’

‘पहिल्यापासून.’

‘तिने सांगितलं आणि मी घरी आलो. संध्याकाळी तू येऊन सांगशील हे कळत होतं. बराच वेळ नुसता बसून राहिलो. मग उठलो आणि हातोडा काढला.’

‘मी सांगू नये म्हणून.’

तो खाली उतरला. उतरताना त्याने भिंतीला हात टेकला, तो पुट्टीत बुडालेला होता. भिंतीवर पांढरा पंजा उठला. तो पुसायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

‘मला वाटलं,’ तो म्हणाला, ‘सगळं तुझ्या मनासारखं झालं, तर तुला आपणहूनच जावंसं वाटणार नाही. मग कुणी कुणाला अडवलं असं व्हायला नको.’

‘आणि मी विचारलं असतं तर?’

‘जा म्हणालो असतो. दुसरं काय म्हणणार होतो मी?’ तो थांबला. ‘तेच म्हणायचं नव्हतं मला.’

तिला राग आला. तो इतक्या दिवसांचा होता, आणि बाहेर पडायला त्याला आता चांगली जागा सापडली होती. फरशीच्या दुकानात मध्येच तोडलेलं बोलणं, जाळीच्या दाराआड उभी केलेली ती, नणंदेचं ‘नशीब काढलंस’, सगळं एकदम वर आलं. पण समोरचा माणूस हाताला लागलेली पुट्टी शर्टाला पुसत होता आणि ती निघत नव्हती.

‘तू सकाळी गेलीस की मी दार लावतो,’ तो खाली बघत म्हणाला. ‘मग तू येईपर्यंत घरात फिरत असतो. या खोलीतून त्या खोलीत. आता निदान काहीतरी फोडायला तरी आहे. तू तीन वर्षं गेलीस तर...’

ती खोक्यावर बसली.

‘तुम्हीही चला की माझ्याबरोबर.’

त्याने मान वर केली. क्षणभर तो खरंच विचार करतोय असं वाटलं. मग त्याची नजर उखडलेल्या जमिनीवर गेली, भिंतींतून बाहेर आलेल्या वायरींवर गेली, दार नसलेल्या चौकटीतून पलीकडच्या मोकळ्या स्वयंपाकघरात गेली.

‘हे असं टाकून?’ तो म्हणाला, आणि म्हणताना त्यालाच ते ऐकू आलं. त्याच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं, पण तो हसला नाही. ‘मीच करून ठेवलंय म्हणा हे.’

‘काम संपल्यावर या.’

‘संपलं तर,’ तो म्हणाला.

मैत्रिणीने आणलेलं जेवण त्यांनी पलंगावर बसून, फ्रिजला पाठ टेकून खाल्लं. ती जाणार की नाही हे त्याने विचारलं नाही, आणि तिचं तिलाही ते ठरवता आलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर आता ते आधीपेक्षा जास्त अवघड झालं होतं. आधी ती एका उत्साही माणसाला सोडून जाणार होती. आता एका घाबरलेल्या माणसाला.

सोमवारी सकाळी गवंडी लवकर आला. नळाचं काम झालं होतं, भिंतींना गिलावा झाला होता, आता ओटा उभारायचा होता. ती ऑफिसला निघायच्या तयारीत होती, तेवढ्यात त्याने हाक मारली.

‘ताई, जरा इथे उभ्या राहा. ओट्याची उंची धरायचीय. तुमच्या मापाने घेतो म्हणजे पुढे तक्रार नको.’

ती स्वयंपाकघरात गेली. खिडकी मोठी केल्यामुळे तिथे आता भरपूर उजेड होता. इतका उजेड त्या खोलीत तिने कधीच पाहिला नव्हता. गवंड्याने सांगितल्याप्रमाणे ती भिंतीला लागून उभी राहिली आणि हात कोपरात वाकवला. टेपचं टोक जमिनीवर टेकवून त्याने पट्टी वर ओढली. धातूची गार कड तिच्या कोपराखाली येऊन थांबली. समोर भिंत, डावीकडे भिंत, मागे गवंडी. त्याने कानामागची पेन्सिल काढली.

‘थांबा,’ ती म्हणाली आणि बाजूला झाली. ‘यांच्या मापाने घ्या.’

नवरा दारात चहाचा कप घेऊन उभा होता. गवंडी हसला.

‘साहेबांच्या? साहेब करणार का स्वयंपाक?’ तो चेष्टा समजून म्हणाला. ‘नाही ताई, रोज जो उभा राहणार त्याच्याच मापाने घ्यावं लागतं. नाहीतर कंबर धरते.’

‘म्हणूनच म्हणतेय,’ ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. गवंड्याचं हसू हळूहळू ओसरलं. तो एकदा तिच्याकडे आणि एकदा साहेबांकडे बघत, टेप हातात धरून थांबला. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला आणि बंद झाला. नवरा कपाकडे बघत होता. कप अर्धा भरलेला होता. त्याने तो प्यायला नाही, सिमेंटच्या पोत्यावर जपून ठेवला, पडणार नाही ना ते पाहिलं, आणि आत आला.

‘चपला काढू का?’ त्याने विचारलं.

‘घरात वावरता तसे उभे राहा,’ गवंडी म्हणाला.

त्याने चपला काढल्या. ती जिथे उभी होती तिथे तो उभा राहिला आणि सांगितल्याप्रमाणे हात वाकवला. पंजा हवेत उघडा राहिला. त्याचं काय करायचं हे न कळून त्याने बोटं एकदा मिटली, पुन्हा उघडली. टेप वर सरकली. तिच्या मापापेक्षा बरीच वर जाऊन ती थांबली, आणि गवंड्याने गिलाव्यावर रेघ ओढली.

‘पक्कं ना साहेब? वर एकदा दगड बसला की मग हलवता येणार नाही.’

‘पक्कं,’ तो म्हणाला.

ती वळली तेव्हा तो अजून तसाच उभा होता, हात वाकवलेला, नजर त्या रेघेवर.

‘तू येशील तेव्हा तुला हा उंच पडेल,’ तो म्हणाला.

‘पडू दे,’ ती म्हणाली, आणि ऑफिसला निघाली.